उत्तर-दक्षिण

शनिवारी रात्री दबोराबाई मनुका भिजत घालायची.
एकतीस वर्षं, पितळेच्या एकाच वाटीत.
पहाटे फडक्यातून पिळायची,
आणि प्रभुभोजनाच्या प्याल्यांत
रंगावलीचं पाणी किती घालायचं
ते तिच्या अंगठ्याला ठाऊक होतं.

ती गेली पौषात.
गाव तेव्हा बारडोलीला, उसाच्या फडांत,
पोराबाळांसकट, कोंबड्यांसकट.
मागे आम्ही नऊ जण,
त्यात दोघांना चालता येत नाही.

बोंड्या वसावे कबर खोदायला आला.
बोंड्याचा बाप्तिस्मा झालेला नाही,
तो याहामोगीचा. पण पहार चालवावी तर त्यानेच.
दीड हातावर काळा पाषाण लागला.
सरकून खोदलं, पुन्हा पाषाण.
तिसऱ्यांदा पहारीतून ठिणगी उडाली
तेव्हा तो खाली बसला, विडी पेटवली, म्हणाला,
इथे माती आडवी नाही, उभी आहे.
डोंगराकडे तोंड करून गेलीय.

आमची सगळी माणसं पूर्वेला पाय करून निजलीत.
कर्णा वाजला की उठून बसायचं,
आणि समोर तो.
मान वळवायचीही गरज नको.
एकशे बारा कबरी, एका रांगेत,
शाळेतल्या बाकांवर बसवल्यासारख्या.
दबोराबाई तेवढी उत्तरेला बघत उठणार?
तिला सातपुडा दिसणार, आणि तो पाठीमागून येऊन गेलेला?

पाळक थोमा कोकणी पुण्यात शिकलेत.
हजार वर्षांचं राज्य आधी की नंतर,
यावर त्यांनी एकदा पावणेदोन तास सांगितलं होतं;
शेजारच्या गावी त्याच प्रश्नावर
मंडळी दोन झाली, आणि पेटी कुणाची
ते अजून मिटलेलं नाही.
त्या दिवशी मात्र ते टोपी हातात घेऊन
पाषाणाकडे बघत राहिले.

बोंड्याने विचारलं,
तुमचा देव उगवतीकडूनच येतो का फक्त?

कुणी बोललं नाही.
खाली नदीपलीकडे सुरत-भुसावळ गाडी गेली, ती ऐकली.
मग फिलेमोन वळवी, जो वर्षात चार वाक्यं बोलतो,
त्यातलं एक बोलला:
हाक आली आणि ती वळली नाही,
असं कधी झालंय का?

तिला उत्तर-दक्षिण ठेवली.

मी मंडळीचा चिटणीस.
नोंदवहीत रकाने आहेत:
बाप्तिस्मा, लग्न, हजर, परगावी, निद्रिस्त.
तिच्या नावापुढे 'निद्रिस्त' लिहिताना
शाईचा पेन अडला, झटकला, डाग पडला.
मग उगाच बेरीज केली.
गावात आठ. (ती धरून नऊ लिहिले होते, खोडलं.)
उसात त्रेचाळीस.
मातीत एकशे तेरा.
मंडळी म्हणजे यातला कुठला आकडा,
हे मला शिकवलेलं आठवत नाही.
शिकवलं असेल.
मी तेव्हा खिडकीतून मिरच्यांची वाळवण बघत असेन,
लाल, क्षितिजापर्यंत लाल,
आणि शेवटचा दिवस असाच दिसेल म्हणून घाबरत असेन.

आता भीती तशी नाही.
आता वाटतं, तो दिवस म्हणजे
बारडोलीहून ट्रक परत येतात ती संध्याकाळ:
फाळका पडतो, धुरळा,
कोण कुणाचं ते आधी आवाजावरून कळतं,
मग चेहरे.

या शनिवारी मनुका मी भिजवल्या.
अंदाज आला नाही.
आठ जणांना पुरून निम्मा रस उरला.
पाळकांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, हात मोठा पडला.

दुपारी वाटी विसळायला नदीवर गेलो.
कबरस्तान वाटेवरच आहे.
तिची कबर लांबून ओळखू येते,
रांगेत एकटीच आडवी,
दार उघडायला उठलेल्या माणसासारखी.